सगळ्या घरांचं पीठ

“शांतवन पीठ द्यायला तयार न्हाई,” सालोमेकाकू दारातूनच म्हणाली. पितळी डबा तिच्या कमरेवर होता आणि चेहरा पार उतरला होता.

आई चुलीपुढे बसून मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. “कोण तयार न्हाई?”

“शांतवन लोंढे. म्हणतो, माझं पीठ धरू नका. आन् दार लोटून घेतलं माझ्या तोंडावर.”

आईच्या हातातली काडी हातातच राहिली. अर्ध्या तासापूर्वी याच डब्यात आईने मूठभर पीठ टाकलं होतं, आणि ते बघून सालोमेकाकू आमच्या ओट्यावर बसून रडली होती. आनंदाने. वर्षभर अडलेलं पीठ मिळालं, उद्या देवळात भाकर मोडायची, असं सगळ्या आळीला ओरडून सांगत ती पुढच्या घरी गेली होती. आणि आता हे.

हे नीट कळायचं तर आमच्या तांबडवाडीची एक रीत सांगायला हवी. नगर जिल्ह्यातलं हे लहानसं गाव, त्यात आम्हा ख्रिस्ती लोकांची एक आळी. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, नगरहून महिन्यातून एकदा यायचे आणि त्या रविवारी प्रभुभोजन असायचं, प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीतला तुकडा खायचा. शहरात त्यासाठी पाव असतो, आमच्याकडे ज्वारीची भाकर. पण ती एकाच घरच्या पिठाची चालत नाही. आदल्या दिवशी, शनिवारी, जिची पाळी असेल ती बाई डबा घेऊन घरोघर फिरते, प्रत्येक घरातून एक मूठ पीठ घेते आणि त्या सगळ्या पिठाची मिळून भाकर थापते. एका घराची मूठ राहिली तरी भाकर होत नाही. मग रविवारी गाणी होतात, उपदेश होतो, पण मेज रिकामं राहतं. मनात कुणाविषयी अढी ठेवून कुणी प्रभूच्या मेजाशी येऊ नये म्हणून आमच्या पणज्यांनी हे घालून दिलं होतं. ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्याने डबा यायच्या आत मिटवावं.

आणि मिटायचंही. कोंबडीवरून, बांधावरून, कुणाच्या पोरीला कुणी काय बोललं यावरून महिनाभर एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बायका त्या शनिवारी दुपारी एकमेकींच्या दारात उभ्या असायच्या. मनापासून जायच्या असं मी म्हणणार नाही. सालोमेकाकू एकदा माझ्या आत्याकडे जाऊन म्हणाली होती, “चूक तुझीच हाय हे मी इसरले न्हाई. पन डबा येतोय, तवा मिटलं असं धर.” आत्याने तिला चहा पाजला. आपल्यामुळे गावाची भाकर राहिली हे नाव कुठल्याच बाईला नको असायचं.

माझ्या आईने ते नाव वर्षभर अंगावर घेतलं. सगुणाबाई पारधेमुळे भाकर बंद आहे, हे शेजारच्या गावांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांनासुद्धा माहीत झालं होतं.

फिलिप माझा धाकटा भाऊ. आमचे वडील लवकर गेले. शांतवनकाका त्यांचे जिवाचे दोस्त. विहिरी खोदायची टोळी चालवायचे. फिलिप हाताशी आल्यावर त्यांनीच त्याला कामाला लावलं. खडक लागला की सुरुंग भरायचे, वाती पेटवून वर पळायचं, बार उडाले की धूर निवळेपर्यंत थांबायचं आणि मग एकाने यारीच्या, म्हणजे दगड वर ओढायच्या रहाटाच्या, दोराने खाली उतरून बघायचं. त्या दिवशी बाकीची टोळी भाकरी खायला गेली होती. विहिरीवर दोघंच होते. फिलिप उतरला. एक बार उडायचा राहिला होता, तो फिलिप खाली असताना उडाला.

शांतवनकाकांनी फौजदाराला सांगितलं, “मी थांब थांब म्हणत होतो, पोरगा ऐकला नाही, आपल्या मनाने उतरला.” कागदावर तेच राहिलं आणि हळूहळू गावाच्या तोंडीही तेच बसलं. “फिलिप तसा घायकुतीचाच होता,” असं लोक हळहळून म्हणायचे. आईला मरणापेक्षा हे जास्त लागलं. आपलं पोर विचारल्याशिवाय पाऊल टाकत नव्हतं, हे तिला माहीत होतं. पण तिच्या माहितीला कोण विचारतो?

“मरन आलं ते आलं,” ती म्हणायची. “पन मेल्यावर माझ्या लेकराला येडं ठरवलं.”

त्या महिन्यात डबा आमच्या दारी आला तेव्हा आईने तो तसाच पुढे पाठवला. पुढच्या महिन्यातही तेच. देवळात ती दर रविवारी यायची, नेहमीच्या जागी बसायची. प्रभूच्या प्रार्थनेत ऋण सोडण्याची, म्हणजे दुसऱ्याला क्षमा केल्याची, ओळ आली की ओठ मिटून घ्यायची आणि ती ओळ सरली की पुन्हा सगळ्यांबरोबर म्हणू लागायची. खोटं म्हणायचं नाही, एवढाच तिचा हिशेब होता.

आधी लोकांनी समजून घेतलं. मग समजावू लागले. मग चिडू लागले. “क्षमा कर, सगुणा, आपल्याला तसंच शिकवलंय,” असं जो तो येऊन सांगायचा. आई म्हणायची, “मागायला तर येऊ द्या. न मागितलेली कुठं नेऊन टाकू?” तरी कुणी सांगायचं थांबत नव्हतं. त्यात शांतवनकाका मात्र दर महिन्याला न चुकता मूठ द्यायचे. “तो बिचारा देतो, तूच धरून बसलीस,” हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मी तेव्हा नगरला नर्सिंगचं शिकत होते आणि महिन्यातून एकदा घरी यायचे. आज लिहिताना मी त्यांना काका म्हणते आहे. त्या वर्षी मनातल्या मनातसुद्धा म्हणत नव्हते.

शेवटी पाळकसाहेब म्हणाले, “पुढच्या महिन्यात मी नगरहून पाव घेऊन येईन. मंडळीला इतके दिवस भोजनावाचून ठेवणं बरं नाही.” ते तरुण होते, नवीन होते, आणि त्यांचं चूक होतं असंही नाही. मंडळीतले सगळ्यात वयस्क याकोबबाबा खाली मान घालून बसले. रीत मोडणार हे सगळ्यांना कळलं.

आई महिनाभर गप्प होती. आणि त्या शनिवारी सालोमेकाकू आली, तेव्हा उठली आणि मूठभर पीठ डब्यात टाकलं. काकू रडून पुढे गेल्यावर मला म्हणाली, “माज्या आजेसासूनं घातलेली रीत माज्या हातानं मोडायची न्हाई. त्याला माफ केलंय असं समजू नको.”

आणि आता तोच माणूस पीठ देत नव्हता.

आईने मेथी बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि सालोमेकाकूच्या कमरेवरचा डबा काढून घेतला. “चल गं सुवार्ता,” ती मला म्हणाली.

“सगुणे, भांडू नको हां. उद्याला पाळकसाहेब येत्यात,” काकू मागून म्हणाली.

“भांडायला जीब लागती, ती मी वर्षभर गिळलीय,” आई म्हणाली आणि निघाली.

लोंढ्यांचं घर आळीच्या टोकाला होतं. बाहेर जाळीत कोंबड्या नव्हत्या, दारात बाज नव्हती. काकांची बायको राहेल पोरांना घेऊन माहेरी गेली होती, त्याला बरेच महिने झाले होते. का गेली ते कुणाला नक्की माहीत नव्हतं. आईने दार ढकललं. ते नुसतं लोटलेलं होतं.

शांतवनकाका भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. आईला बघून ते उठायला गेले आणि अर्धवटच थांबले. ज्या दिवशी फिलिपला पुरलं त्या दिवसापासून आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. त्यांचं नावही घेत नव्हती.

“पीठ का न्हाई दिलं?” तिने विचारलं.

“घरात पीठच न्हाई, वहिनी.”

“ज्वारी हाय?”

“हाय. पन दोन दिस झाले लाइट न्हाई. गिरणी बंद हाय.”

हे खरं होतं. पण कुणाच्याही घरून वाटीभर पीठ उसनं मिळालं असतं, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही. आईने घरभर नजर फिरवली. कोपऱ्यात जातं होतं. गावात गिरणी आल्यापासून जात्यावर बायका फार तर डाळ भरडायच्या. या जात्यावर तर कोळ्याने जाळं केलं होतं.

“जातं मांडा,” आई म्हणाली.

“वहिनी, मला दळाय येत न्हाई.”

“मला येतं.”

त्यांनी पोतं सोडून सुपात ज्वारी काढली. आईने पदराने जातं पुसलं, पाय पसरून बसली आणि खुंटा धरून ओढून पाहिला. जातं जड होतं. तिचा उजवा खांदा त्या वर्षी धरला होता, हात पुरता फिरत नव्हता. मी पुढे होऊन तिच्यासमोर बसायला लागले.

“तू नको,” ती म्हणाली. “ज्याचं पीठ हाय त्याला बसू दे.”

मी बाजूला झाले. शांतवनकाका बराच वेळ उभेच राहिले. आमच्याकडे पुरुष जात्यावर बसत नाही, पण ते तेवढ्यासाठी थांबले होते असं मला वाटत नाही. जात्याला खुंटा एकच असतो. समोरासमोर बसून दोघांनी तोच धरायचा असतो, हातावर हात लागतोच. शेवटी ते बसले आणि त्यांनी आईच्या हाताच्या वर हात ठेवला. आईच्या हाताच्या शिरा ताणल्या, पण तिने हात काढला नाही.

सुरुवातीला काही जमेना. काका जोराने ओढायचे, आई धरून ठेवायची. घासाला घातलेली ज्वारी तशीच भरड होऊन बाहेर पडत होती.

“हळू,” आई म्हणाली. “सगळं आपल्याकडं वढू नका. आल्यावर सोडून द्या.”

मग जरा लय लागली. जात्याची घरघर घरभर भरली. मी दाराशी उभी होते आणि मला खरं तर राग येत होता. वाटत होतं, एवढं कशाला? वाटीभर पीठ आपल्या घरून आणून याच्या नावाने टाकलं असतं तर कुणाला कळलं असतं? एवढ्यात काका बोलायला लागले. आईकडे न बघता, जात्याच्या वरच्या फिरणाऱ्या पाळूकडे बघत.

“वहिनी, मी वर्सभर मूठ देत होतो ती तुमच्या जिवावर.”

जातं फिरत राहिलं.

“मला ठावं होतं, तुमी देनार न्हाई. भाकर काय व्हत न्हाई. मग माझं काय जातंय द्यायला? लोकं म्हनायची, शांतवन चांगला, शांतवन देतो. आज सालोमे आली, डब्यात तुमचं पीठ दाखवलं, आन् मी दार लोटून घेतलं. आता उद्या खायची वेळ आली. ती भाकर मी तोंडात कशी घालू?”

“का? न घालायला काय झालं?” आईने विचारलं. तिचा आवाज शांत होता, पण मी तिला ओळखत होते. तिने श्वास धरला होता.

“एक बार कमी वाजल्यागत वाटलं होतं,” काका म्हणाले. “मला वाटलं, दोन एकदम उडाले असतील. दुपार टळत आली होती, मालकाची घाई चालली होती. फिलिपनं इचारलं मला. दोर कमरेला बांधला आन् इचारलं, ‘काका, सगळे वाजले ना?’ मी म्हनलो, वाजले. उतर.”

जातं थांबलं. ते आईने थांबवलं होतं. काकांचा हात अजून तिच्या हातावर होता आणि दोघांपैकी कुणीच हलत नव्हतं. बाहेर कुणीतरी बकऱ्या हाकत चाललं होतं. मला वाटलं, आता ही सूप उचलून त्यांच्या डोक्यात घालते, आणि घातलं असतं तर मी तिला अडवलं नसतं.

“इचारलं होतं त्यानं?” आई म्हणाली.

“इचारलं होतं.”

“पुन्यांदा सांगा.”

“इचारलं होतं, वहिनी. ‘काका, सगळे वाजले ना?’ असं इचारलं. मी उतर म्हनलो म्हनून उतरला. आन् फौजदारापुढं मी खोटं बोललो. भ्यालो. मला ती बेडी दिसाय लागली, पोरंबाळं दिसाय लागली. रात्री राहेलला सांगितलं, पन ती तरी किती दिस पोटात ठेवनार? म्हनली, सगळ्यांपुढं सांगा, न्हाईतर मी चालले. मी न्हाई सांगितलं. ती गेली.”

आईचे डोळे भरून आले आणि अश्रू गालावरून ओघळले. तिने ते पुसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाली, “ऐकलंस? इचारून उतरला होता माझा लेक.” तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. दुःख तर होतंच. पण वर्षभर गळ्यात अडकलेलं काही गिळलं गेल्यावर माणूस जसा मोकळा श्वास घेतो, तसा तिने घेतला. ज्याने तिचा मुलगा खाली पाठवला त्यानेच तो तिला परत आणून दिला होता, जसा होता तसा, शहाणा.

मी मात्र पेटले होते. “चल आई,” मी म्हणाले. “आत्ताच्या आत्ता याकोबबाबांकडे जाऊ. सगळ्या गावाला कळू दे यानं काय केलं. उद्या सकाळी तालुक्याला फौजदाराकडे जाऊ.”

आईने माझ्याकडे पाहिलं, मग सुपाकडे पाहिलं. सुपात अजून ज्वारी होती. तिने डाव्या हाताने एक घास उचलून जात्याच्या तोंडात घातला.

“दळा, भाऊजी,” ती म्हणाली.

वर्षभराने तिने त्यांना भाऊजी म्हटलं होतं. शांतवनकाकांनी तोंड खांद्यात लपवलं आणि ते मोठ्याने रडायला लागले, पण हात खुंट्यावरून काढला नाही. जातं फिरू लागलं. ती दोघं समोरासमोर रडत होती आणि दळत होती, आणि पीठ पडत होतं. मी पुढे चाळीस वर्षं दवाखान्यांतून काम केलं, माणसं जन्मताना आणि मरताना पाहिली. पण देव इथे आहे असं मला इतकं लख्ख फारदा वाटलेलं नाही. त्या घरात मला भीतीच वाटली. मी डोक्यावर पदर घेतला.

दळण झालं तेव्हा काकांनी उठून मूठ भरली आणि डब्यात सोडली. आईने झाकण लावलं. त्यांनी कुणापुढे काय बोलावं याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. डबा सालोमेकाकूच्या दारात ठेवला आणि घरी येऊन मेथी निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी देऊळ गच्च भरलं. गाव सोडून कामाला गेलेलेही आले होते. मेजावर पांढऱ्या कापडाखाली भाकर होती, शेजारी द्राक्षरसाऐवजी मनुकांच्या पाण्याचा प्याला होता. पाळकसाहेब नगरहून पाव घेऊन आले होते. याकोबबाबांनी तो त्यांच्या हातातून काढून पिशवीत परत घालायला लावला.

भोजनाआधी पाळक विचारतात, कुणाच्या मनात काही असेल तर त्याने आता बोलावं. कुणी बोलत नसतं. बोलायचं ते आदल्या दिवशीच बोलून झालेलं असतं. त्या दिवशी पुरुषांच्या बाजूने शांतवनकाका उभे राहिले.

त्यांनी सगळं सांगितलं. जात्यावर सांगितलं होतं तसंच, फिलिपच्या शब्दांसकट. उद्या तालुक्याला जाऊन फौजदारालाही हेच सांगणार म्हणून सांगितलं. मग ते हात जोडून उभे राहिले.

एकदम गलका झाला. सालोमेकाकूचा नवरा उठून त्यांच्या अंगावर धावला, त्याला दोघांनी धरलं. “वर्सभर आमाला फसवलं,” कुणीतरी ओरडलं. “सगुणाबाईला आमी काय काय बोललो याच्यापायी.” बायका तर रडत होत्या आणि शिव्याही देत होत्या. आणि याकोबबाबा, ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला दुखावलं नव्हतं, ते काठी टेकत पुढे आले आणि दाराकडे बोट करून म्हणाले, “शांतवन, तू भायेर जा. या मेजावर तुजा हात लागायचा न्हाई.”

पाळकसाहेबांनी सगळ्यांना हाताने शांत केलं. “बाबांचं म्हणणं बरोबर आहे,” ते म्हणाले. “मंडळीची शिस्त आहे. यांनी कबुली दिली हे चांगलं केलं, पण काही काळ यांना भोजनापासून दूर ठेवणं भाग आहे. लोंढे, तुम्ही बाहेर बसा.”

काका वळलेसुद्धा. त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली, हे मी खरं सांगते. बाहेर जाणं त्यांना सोपं होतं.

“थांबा,” आई म्हणाली.

ती बायकांच्या बाजूला तिसऱ्या ओळीत होती. ती उठली, खांदा दुखत होता म्हणून एका हाताने जमिनीचा आधार घेत उठली, आणि उभी राहिली. तिच्याइतका हक्क त्या दिवशी त्या देवळात कुणाचाच नव्हता.

“त्या भाकरीत भाऊजींचं पीठ हाय,” ती म्हणाली. “आदी ते येगळं काढा. मग त्यांना काढा.”

एवढंच बोलून ती खाली बसली.

याकोबबाबा मेजाकडे बघत राहिले. पाळकसाहेबांनी पांढरं कापड बाजूला केलं आणि भाकरीकडे असं पाहिलं, जणू आयुष्यात पहिल्यांदा भाकर बघत आहेत. त्यात शेजारच्या पाटोळ्यांचं पीठ होतं, आत्याचं होतं, सालोमेकाकूचं होतं, आमचं होतं, आणि शांतवनकाकांचं होतं. सालोमेकाकूचा नवरा हळूच खाली बसला. याकोबबाबांनी काठी भिंतीला लावली, शांतवनकाकांच्या दंडाला धरलं आणि त्यांना आपल्या शेजारी बसवलं.

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. ताट फिरलं. शांतवनकाकांनी आपला तुकडा घेतला, पण तो नुसता तळहातावर धरून बसले. त्यांचे ओठ हलत होते. आईनेही तिचा तुकडा घेतला होता. ती तो हातात धरून पुरुषांच्या बाजूला बघत होती. ताट सगळीकडे फिरून मेजावर परत गेलं तरी ती खात नव्हती. पाळकसाहेब थांबले. सगळे थांबले. बऱ्याच वेळाने शांतवनकाकांनी तुकडा तोंडात घातला. मग आईने तिचा घातला.

घरी आल्यावर तिने कुणाशीच फारसं बोलणं केलं नाही. लोक दारात येत होते, पाया पडायला बघत होते, ती त्यांना चहा पाजून वाटेला लावत होती. ते सगळे गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली आणि मी तिच्या खांद्याला तेल चोळायला घेतलं.

“आई,” मी म्हणाले, “म्हणजे तू त्यांना माफ केलंस?”

“आज भाकर गिळली,” ती म्हणाली. “सकाळी उठल्यावर काय वाटंल ते आता कसं सांगू?”

“मग पुढच्या महिन्यात?”

“पुढच्या महिन्यात त्यांच्याकडं दळायला जायचंय. राहेल परत येईस्तोवर त्यांच्या घरची मूठ जात्यावरच दळायची, असं देवळातून निघताना मी त्यांना सांगितलंय.”

“गिरणी चालू झाली तरी?”

“झाली तरी.” तिने खांदा हलवून पाहिला आणि कळ आल्यावर डोळे मिटले. “पन मला जमायचं न्हाई. तू जायचंस.”

“मी? त्यांच्यासमोर बसू?”

“का? तुजा भाऊ न्हवता का तो?”

मी तेलाची वाटी तिथेच ठेवून उठले आणि परसात जाऊन उभी राहिले. मला तिचा भयंकर राग आला होता. ती जे करून बसली होती ते तिचं होतं, आई होती, तिला पेललं. मला ते करायचं नव्हतं. मी तसं तिला सांगितलंसुद्धा, एकदा नाही, नगरला परत जाईपर्यंत जेवढ्या वेळा विषय निघाला तेवढ्या वेळा. ती दर वेळी ऐकून घ्यायची आणि दुसरंच काहीतरी बोलायची. मधल्या काळात शांतवनकाका तालुक्याला जाऊन जबाब बदलून आले. त्याचं पुढे कोर्टात जे व्हायचं ते यथावकाश झालं.

पुढच्या महिन्यातल्या डब्याच्या शनिवारी मी नगरहून आले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. मी पिशवी ठेवली, पाय धुतले आणि आळीच्या टोकाला गेले. त्यांनी सुपात ज्वारी काढून ठेवली होती, जातं पुसून ठेवलं होतं. मी खाली बसले आणि खुंटा धरला. शांतवनकाकांनी माझ्या हातावर हात ठेवला. मी माझा हात झटकन काढून घेतला. ते वाट बघत बसले.

मग मी तो पुन्हा ठेवला.